तारवट्याने आणलेला स्फिंक्स

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की घरातल्या जुन्या दगडी वस्तूंबद्दल काही विचारायचं असेल तर फोटोसकट लिहा. माझी अटकळ होती, रगडे, दिवजां (दिवे) आणि देवघरातल्या झिजलेल्या मूर्ती येतील. त्या आल्याच, त्यांची उत्तरं पुढच्या महिन्यात. पण यंदाच्या टपालात इजिप्तच्या स्फिंक्सांनी, म्हणजे सिंहाचं धड आणि माणसाचं डोकं असलेल्या मूर्तींनी, फारच गर्दी केली, म्हणून हा अंक त्यांचा. मुंबईच्या एका संग्रहालयात दगडी वस्तूंच्या जतनाचं काम करून मी निवृत्त झाले आणि आता गोव्यात म्हार्दोळला असते. इजिप्तची पंडित मी नव्हे; दगड आणि त्यावरचे हत्याराचे वण एवढंच मला वाचता येतं.

प्रश्न : आमच्याकडे काळ्या दगडाचा, साधारण १४ सेंटिमीटर लांबीचा स्फिंक्स आहे. आजोबांचे स्नेही चिंचिणीचे तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी होते. रजेवर येताना ते आजोबांसाठी काही ना काही आणत. हा पोर्ट सैदहून आणलेला, असं वडील सांगायचे. नाक तुटलंय. चौथऱ्यावर चित्रलिपी आहे. बुडाला हिरवी बनात (जाड लोकरी कापड) चिकटवलेली आहे. तिचा एक कोपरा सुटला, तर आत पेन्सिलीने ७/६ लिहिलेलं दिसलं. हा संग्रहालयाचा क्रमांक असेल का? इंग्लंडमधल्या स्विंडनचा पुतण्या म्हणतो, तिकडे बागेतले दोन स्फिंक्स दोन लाख पौंडांच्या आसपास गेले, तर हा लगेच पाठवून द्या. चार फोटो जोडले आहेत. (मडगाव)

उत्तर : आधी पुतण्याला कळवा की पाठवत नाही. मग पुढचं वाचा.

पोर्ट सैदचं नाव घेतलंत तिथेच अर्धं काम झालं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटी कालव्याच्या तोंडाशी असलेल्या त्या बंदरात थांबू लागल्या. कोळसा-पाणी भरून होईपर्यंत उतारू आणि खलाशी गावात भटकून यायचे. सिमॉन आर्झ्ट नावाचं तिथलं दुकान तर जगभरच्या उतारूंना ठाऊक होतं. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी फेरीवाले होड्या घेऊन थेट बोटीला भिडत, दोरीला टोपली बांधून माल वर चढवत आणि पैसे त्याच टोपलीतून खाली घेत. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या जुन्या घरांत चामड्याची उशी, पितळी तबक आणि दगडी स्फिंक्स अशी त्रयी मी पाहिलेली आहे. तुमचा स्फिंक्स त्याच बिऱ्हाडातला.

हे मी नुसत्या अंदाजाने म्हणत नाही. दुसरा फोटो मोठा करून बघा. तुमच्या स्फिंक्सचं नाक तुटलेलं नाही, ते तुटकंच कोरलेलं आहे. खरंच तुटलं असतं तर तिथे दगडाचा खरखरीत, फिक्या रंगाचा पोत दिसला असता. इथे नाकाच्या जागचा खळगा गालाइतकाच गुळगुळीत आहे, त्यावर तीच काळी झिलई आहे. कारागिराने कैरोजवळच्या गिझाचा मोठा स्फिंक्स आज बिननाकाचा दिसतो तसाच्या तसा उतरवला. प्राचीन काळच्या पाथरवटाने आपल्या राजाला बिननाकाचा घडवला असता तर त्याचं स्वतःचं नाक जागेवर राहिलं असतं का! होरेमहेब राजाच्या आज्ञापत्रात नाक कापायची शिक्षा आहेच.

आता चौथऱ्यावरची अक्षरं. चित्रलिपीत पक्षी, प्राणी, माणसं ज्या बाजूला तोंड करून असतात त्या बाजूने ओळ सुरू होते. त्यामुळे एका ओळीतली सगळी तोंडं एकाच दिशेला असायला हवीत. तुमच्या पहिल्या ओळीत घुबड उजवीकडे बघतंय आणि त्याच्या शेजारचं पाखरू डावीकडे. राजाचं नाव ज्या लांबट वेढ्यात लिहितात तो वेढा म्हणजे दोरीचं कडं. एका टोकाला त्याची गाठ बांधलेली असते आणि तिथे एक आडवी रेघ येते. तुमच्या वेढ्याला रेघच नाही, आत नावही नाही, दोन लाटा आणि एक डोळा आहे. ज्याला वाचता येत नव्हतं त्याने, ज्याला वाचता येणार नाही त्याच्यासाठी कोरलेला हा मजकूर.

दगडाचं म्हणाल तर उजव्या पंज्याजवळ जो टवका उडालाय त्यात आतला रंग हिरवट पांढरा दिसतो. म्हणजे दगड मुळात काळा नाही, वरून काळा केलेला आहे. नखाने बुडाशी हलकेच ओरखडा उमटत असेल आणि भुकटी बोटांत बुळबुळीत लागत असेल तर तो शंखजिऱ्याचा मऊ दगड. आपल्याकडे दह्यासाठी दगड्या, म्हणजे दगडी भांडी, ज्याच्या करत त्या जातीचा. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. प्राचीन इजिप्तमध्येही हा दगड भरपूर वापरत, भुंग्याच्या आकाराच्या मुद्रा तर बऱ्याचशा याच दगडाच्या. निकाल नाक आणि अक्षरं मिळून देतात.

राहिला तो क्रमांक. संग्रहालयाचा क्रमांक बारीक शाईत, सहसा वार्निशाच्या लहानशा पट्टीवर लिहिलेला असतो. पेन्सिलीतला ७/६ हा माझ्या मते भाव आहे, सात शिलिंग सहा पेन्स. इंग्रजी बोटींच्या गिऱ्हाइकांना तसाच सांगत. तारवट्याने घासाघीस करून किती दिले ते तो आणि फेरीवालाच जाणे.

पुतण्याची बातमी मात्र खरी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सफोक परगण्यातल्या सडबरी गावच्या लिलावात दगडी स्फिंक्सांची एक जोडी १ लाख ९५ हजार पौंडांना गेली. अंदाज होता ३०० ते ५०० पौंडांचा. मालकांनी पंधराएक वर्षांपूर्वी त्या अशाच एका लिलावात ३०० पौंडांना घेतल्या होत्या, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या नकला समजून, आणि अंगणात ठेवल्या होत्या. एकीला सिमेंटचं ठिगळही लावलं होतं. बोली लावणाऱ्यांना त्या अस्सल प्राचीन वाटल्या आणि आकडा चढत गेला. असं शंभर वर्षांत कधी तरी होतं आणि मग स्विंडनपासून मडगावपर्यंत सगळे कपाटं उघडून बसतात.

तुमची वस्तू शंभर वर्षांहून कमी जुनी असावी, त्यामुळे आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा तिला लागू होत नाही. तरीही विमानतळावर दगडी मूर्ती दिसली की कस्टमवाले थांबवतात. कुणाला सोबत न्यायचीच असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला आधी काढून घ्यावा. बनात मात्र उखडू नका, तिच्याखालची पेन्सिल हाच तुमच्या स्फिंक्सचा जन्मदाखला आहे. आणि त्या तारवट्यांच्या घरी अजून कुणी असेल तर त्यांची नल्ली, म्हणजे बोटीवरच्या नोकऱ्यांची नोंदवही, शिल्लक आहे का विचारा. तीत बोटीचं नाव आणि साल मिळेल. दोन्ही एका कागदावर लिहून स्फिंक्ससोबत ठेवा.

प्रश्न : गिझाच्या स्फिंक्सचं नाक नेपोलियनच्या तोफेने उडालं हे खरं का? (वास्को)

उत्तर : नाही. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला १७९८ मध्ये. डॅनिश प्रवासी नॉर्डेनने १७३७ च्या सुमारास काढलेल्या चित्रांतही स्फिंक्सला नाक नाही. पंधराव्या शतकातला कैरोचा इतिहासकार अल-मक्रीझी हे नाक तोडल्याचा ठपका एका सूफी फकिरावर ठेवतो. स्फिंक्सच्या दाढीचा एक तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नाकाचा पत्ता नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. मोठ्या स्फिंक्सबद्दल पुस्तकांत खूप येतं. लहान स्फिंक्स या त्याच्या प्रतिकृतीच असतात, की त्यांना स्वतःचं काही महत्त्व आहे? (डिचोली)

उत्तर : सर, या प्रश्नावर मी पानंच्या पानं लिहीन, संपादक कापतील.

प्रतिकृती हा प्रकार अगदी अलीकडचा, पोर्ट सैदच्या फेरीवाल्यांचा. प्राचीन इजिप्तमध्ये सिंहाचं धड आणि राजाचं डोकं हे राजाचंच एक रूप होतं. गिझाचा ७३ मीटर लांब आणि २० मीटर उंच, तो त्या रूपाचा सर्वांत मोठा अवतार, इतकंच. तेच रूप बोटाएवढंही करत. सहाव्या घराण्यातल्या मेरेनरे राजाचा एडिनबराच्या संग्रहालयातला स्फिंक्स सहा सेंटिमीटरही भरत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तिसऱ्या आमेनहोतेप राजाचा निळाशार स्फिंक्स आहे, २५ सेंटिमीटरचा. तो दगडाचा नाही, काचेसारखी झिलई दिलेल्या फायन्सचा आहे. त्याला पुढच्या पंज्यांच्या जागी माणसाचे हात आहेत आणि त्या हातांत देवाला वाहायची दोन भांडी. म्हणजे राजा सिंह होऊन देवळाची राखण करतो आणि त्याच वेळी पुजाऱ्यासारखा नैवेद्यही दाखवतो. (गोव्याच्या जुन्या कदंब राजांचा सिंह आपल्या कदंब बसवर रोज दिसतो, पण त्याने माणसाचं डोकं कधी मिरवलं नाही. तशी जोड बघायची तर चिदंबरमच्या देवळातला पुरुषामृग बघा.)

घडवणारे हात बघायचे असतील तर नाईलकाठची गेबेल अल-सिलसिलाची वालुकाश्माची खाण. तिथे तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातला, मेंढ्याच्या डोक्याचा, सुमारे पाच मीटर लांबीचा अर्धवट स्फिंक्स सापडला. २०१९ मध्ये त्याची बातमी आली. त्याच्याजवळच एक छोटा स्फिंक्स होता. उत्खनन करणाऱ्यांना वाटतं की एखाद्या शिकाऊ पाथरवटाने हात बसवण्यासाठी तो कोरला असावा. मुलांना हा जरूर सांगा, त्यांना फार आवडेल.

पण मला सगळ्यांत प्रिय आहे तो सिनाईतला. सेराबित अल-खादिम इथे इजिप्तच्या राजांच्या फिरोझ्याच्या खाणी होत्या आणि डोंगरावर हाथोर देवीचं देऊळ. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री १९०५ मध्ये तिथे खोदत होते. देवळात त्यांना तांबूस वालुकाश्माचा एक स्फिंक्स मिळाला, सुमारे २४ सेंटिमीटर लांब. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शिल्प म्हणून बेताचाच. चेहरा जाडाभरडा, कडा बोथट. मुंबईच्या एखाद्या दुकानात मी तो पाहिला असता तर दोनदा वळून बघितलं नसतं.

त्याच्या खांद्यावर इजिप्शियन चित्रलिपीत आहे, 'फिरोझ्याच्या स्वामिनी हाथोरचा लाडका'. चौथऱ्याच्या बाजूंवर मात्र वेगळ्याच खुणा ओरखडलेल्या आहेत, वेड्यावाकड्या, मोजक्या. इजिप्शियन म्हणून त्या वाचल्या तर अर्थ लागत नाही. १९१६ मध्ये इजिप्तच्या प्राचीन लिपीचे अभ्यासक अ‍ॅलन गार्डिनर यांनी त्यांचं कोडं सोडवायला घेतलं. त्यांना वाटलं, खाणीवर काम करणाऱ्या सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातली, भाषा बोलणाऱ्या लोकांनी इजिप्तची चित्रं उचलली असावीत, पण आवाज आपले घातले. घराचं चित्र घ्यायचं, घराला आपल्या भाषेत 'बेत' म्हणतात, म्हणून ते चित्र म्हणजे 'ब'. त्या रीतीने घर, डोळा, बैल हाकायची पराणी आणि फुली ही चार चित्रं ओळीने वाचली की 'बालत' होतं, म्हणजे स्वामिनी. खांद्यावर हाथोरला लावलेलं विशेषण खाली दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या लिपीत!

शेकडो चिन्हं पाठ करण्याऐवजी मूठभर खुणांत अख्खी भाषा लिहायची ही युक्ती. फिनिशियन, ग्रीक, रोमन, हिब्रू, अरबी लिप्यांचा उगम तिच्याकडे जातो. आपल्या ब्राह्मीचा संबंध या घराण्याशी पश्चिम आशियातल्या आरमाईक लिपीमधून लावतात, पण त्यावर विद्वानांचं एकमत नाही, तेव्हा फळ्यावर लिहिताना पुढे प्रश्नचिन्ह घाला. सिनाईच्या या स्फिंक्सच्या काळाबद्दलही दोन मतं आहेत. पुष्कळ जण तो इ.स.पू. १८०० च्या आसपासचा धरतात, काही जण दोन-तीन शतकं अलीकडे ओढतात.

आता मला खरं सांगायचंय ते हे. तो स्फिंक्स देवळात सापडला, कुणी काढला, केव्हा काढला, याची नोंद झाली. त्याच डोंगरावर तसल्याच खुणांचे आणखी दगड मिळाले. म्हणून गार्डिनरना त्या ओरखड्यांवर विश्वास ठेवता आला. हाच दगड चोरट्यांनी उकरून कैरोच्या बाजारात आणला असता तर पहिल्याच पारख्याने म्हटलं असतं, खांद्यावरची लिपी बरी आहे, खालच्या रेघोट्या कुणा पोराने मारल्यात, घासून काढा म्हणजे भाव येईल. आणि कुणी तरी घासून काढलंही असतं. दगड तोच राहिला असता, पण त्यातली गोष्ट कायमची गेली असती. म्हणून 'अस्सल की नकली' हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिला प्रश्न, कुठे मिळाला.

प्रश्न : सहलीत घेतलेला पांढऱ्या अलाबास्टरचा स्फिंक्स देवघराजवळ ठेवल्याने पिवळा, तेलकट झालाय. चिंच किंवा लिंबू लावू का? (पेडणे)

उत्तर : अजिबात नको. इजिप्शियन अलाबास्टर हा कॅल्साइट. आंबट काहीही लागलं की तो विरघळतो, वरची चकाकी एका हातात जाते आणि परत येत नाही. समईपासून आधी दूर हलवा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापूस किंचित ओला करून बुडाशी एका ठिकाणी लावून बघा. पिवळेपणा थोडा राहिला तर राहू दे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. इजिप्तच्या वस्तू जमवायचा नाद लागलाय. इंटरनेटवर चुनखडीच्या छोट्या स्फिंक्सची जाहिरात आहे : 'उत्तरकालीन, शिल्पकाराचा नमुना, जुन्या युरोपियन संग्रहातून, प्रमाणपत्रासह', किंमत चाळीस हजार. घेऊ का? (फोंडा)

उत्तर : नको रे बाबा.

जाहिरात लिहिणारा हुशार आहे हे कबूल. शिल्पकारांचे नमुने खरोखर असत. उत्तरकाळातल्या (इजिप्तच्या शेवटच्या देशी राजघराण्यांच्या काळातल्या) आणि नंतरच्या टॉलेमी या ग्रीक राजांच्या राजवटीतल्या, चुनखडीतल्या, चौकटीच्या रेघा आखलेल्या राजांच्या मुंडक्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. चौकटीवर आखलेला स्फिंक्सचा आराखडा एका पपायरसवर बर्लिनमध्ये आहे. लहान, अर्धवट, नाव नसलेलं, मऊ दगडातलं असं काही नकली करायला सगळ्यांत सोपं, आणि अर्धवटपणाला सबबही तयार.

राहता राहिलं प्रमाणपत्र. इंग्लंडमध्ये बोल्टन नावाच्या गावी शॉन ग्रीनहाल्श म्हणून एक इसम घरामागच्या शेडमध्ये शिल्पं घडवायचा. त्याने अलाबास्टरची एक 'अमार्नाची राजकन्या' केली (अमार्ना ही प्राचीन इजिप्तची एक राजधानी). तिचं पूर्वचरित्र दाखवायला १८९२ च्या एका लिलावाची खरीखुरी छापील यादी मिळवली, जिच्यात इजिप्शियन मूर्तींचा मोघम उल्लेख होता. म्हाताऱ्या बापाने भोळ्या चेहऱ्याने ती राजकन्या पुढे केली. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि २००३ मध्ये गावच्या संग्रहालयाने ती सुमारे ४ लाख ४० हजार पौंडांना घेतली. २००७ मध्ये शॉनला तुरुंगवास झाला. कागद खरा होता, पण तो त्या दगडाचा नव्हता. तुझ्या प्रमाणपत्रात निदान १८९२ ची यादी तरी आहे का?

आणि समज, तो स्फिंक्स अस्सलच निघाला, तर तुझी अडचण वाढते. इजिप्तने १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला, पुरावस्तू सरकारच्या मालकीच्या ठरवल्या. त्याआधी परवानाधारक दुकानदार असत, कैरोच्या संग्रहालयातच विक्रीची खोली होती, त्यामुळे जुन्या संग्रहातली वस्तू कायदेशीर असू शकते. पण ते सिद्ध करायला पावती लागते, बाहेर नेण्याचा परवाना लागतो, निदान तारखेसह छापलेला जुना फोटो तरी. 'जुना युरोपियन संग्रह' हे काही नाव नव्हे. इथे आणल्यावर शंभर वर्षांवरचं दगडी शिल्प म्हणून नोंदणी अधिकाऱ्याकडे जावं लागेल. तो पहिला प्रश्न तोच विचारेल जो मी डिचोलीच्या सरांना सांगितला. नंतर विकायचं म्हणशील तर बिनपरवाना तो धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर तर नेताच येणार नाही.

नाद मात्र सोडू नको. इजिप्तने १८६७ मध्ये काढलेल्या टपाल तिकिटांवर पिरॅमिडसमोर स्फिंक्स आहे आणि ते चित्र पुढे कितीतरी वर्षं चाललं. रंग बदलले, किमती बदलल्या, छपाई बदलली. नुसत्या त्या एका चित्राच्या तऱ्हा लावायच्या म्हटल्या तरी पदवी होईपर्यंत पुरतील. वापरलेली तिकिटं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात. शिक्का वाचता येईल अशीच घे, पोर्ट सैदचा मिळाला तर उत्तम. नकली तिकिटंही असतातच, पण त्यात फसलास तर चाळीस हजारांना नाही फसणार. अल्बम आम्लरहित कागदाचा घे आणि पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नकोस.